मदत हवी आहे: कोलेस्टेरॉल न तपासता हार्ट अटॅकचा धोका कसा ठरवायचा?

वस्तीत ४० ते ७४ वयाच्या लोकांची तपासणी चालू आहे. कोलेस्टेरॉलची तपासणी परवडत नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९चा बिनप्रयोगशाळेचा तक्ता वापरतोय: वय, लिंग, धूम्रपान, वरचं बीपी, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन). बीपी ५ मिनिटं बसवून, दंडाच्या मापाचा कफ लावून दोनदा घेतो. १४०/९० किंवा जास्त आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. अडचण ही की या तक्त्यात मधुमेह धरलेलाच नाही, आणि तंबाखू चघळणाराही निर्व्यसनी ठरतो. धोका कमी दिसतो आणि नेमकी हीच माणसं सुटतात, याची फार काळजी वाटते. ग्लुकोमीटर आहे, ईसीजी नाही. छातीत दुखत असेल तर तक्ता बाजूला ठेवून थेट रुग्णालयात पाठवतो. रोजंदारी बुडते, त्यामुळे सगळ्यांनाच दवाखान्यात धाडता येत नाही. मग तक्त्यात पुढच्या १० वर्षांतला धोका १० टक्क्यांखाली, पण साखर वाढलेली किंवा तंबाखूची सवय, अशांपैकी डॉक्टरांकडे आधी कोणाला पाठवायचं?