मदत हवी आहे: काउंटिंग सेमाफोर वापरूनही मोजणी चुकतेय

रबाळे_लाईन
फ्रीआरटीओएसवर (छोट्या चिपवरची ऑपरेटिंग सिस्टीम) काउंटिंग सेमाफोर, म्हणजे वाढता-घटता आकडा, लावलाय. सेन्सरचा पल्स आला की आयएसआरमधून (इंटरप्ट आला की धावणारं फंक्शन) गिव्ह, म्हणजे आकडा एकने वाढतो; टास्कमध्ये टेक, म्हणजे एकने कमी होतो, शून्य असला तर टास्क थांबतो. पाकिटं मोजायची आहेत, बस. लाईन हळू असली की आकडा बरोबर, वेग वाढवला की कमी येतो. शिवाय दोन-चार तासांनी बोर्ड गपगार होतो. कोड साधाच आहे. रात्रपाळीच्या आत लाईन चालू करून द्यायचीय, जाणकारांनी लवकर सांगा.

टिकटिक
चिप कोणती? सेकंदाला पल्स किती? सेमाफोर बनवताना कमाल किती आणि सुरुवातीची किंमत किती दिलीत? टेक झाल्यावर टास्क काय करतो? एवढं कळल्याशिवाय काही सांगणं म्हणजे पंचांग बघून निदान करण्यासारखं आहे.

कळवा_पूल
शेजारी व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असणारच. आधी शील्डेड केबल टाका, मोटरच्या केबलपासून लांबून न्या. सॉफ्टवेअरला शिव्या नंतर द्या.

टिकटिक
@कळवा_पूल, नॉईज (तारेत शिरणारे खोटे पल्स) असता तर आकडा वाढला असता. यांचा कमी होतोय.

रबाळे_लाईन
एसटीएम३२एफ४०७. पल्स सेकंदाला ४० पर्यंत. कमाल ८, सुरुवात ८, एका बफरच्या उदाहरणात तसंच होतं. टास्क एसडी कार्डवर वेळेसकट एक ओळ लिहितो. पण त्याचा काय संबंध? चालू केल्या केल्या ८ पाकिटं जास्त दिसतात, ती मी वजा करतो.

टिकटिक
वजा करताय!! अहो, हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं.

बफरच्या उदाहरणात सेमाफोर मोकळ्या जागा मोजतो, म्हणून तिथे सुरुवात कमालीइतकी. तुम्ही घडलेल्या घटना मोजताय, आणि सुरुवातीला काहीच घडलेलं नसतं. तिथे ० हवं. ८ दिल्यामुळे टास्क पहिले आठ टेक न थांबता घेतो.

आता वेगाचं. सेकंदाला ४० म्हणजे दर २५ मिलिसेकंदाला एक. एसडी कार्ड मधूनच अडून बसतं. एका लिखाणाला २५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ घ्यायची त्याला स्पेसिफिकेशनमध्येच मुभा आहे. तेवढ्यात १० पल्स येतात. मोजणी ८ वर पोचली की पुढचा गिव्ह फेल होतो, दोन पाकिटं गेली, आणि कुणी ओरडतही नाही. दर ओळीला एफ_सिंक (लिहिलेलं लगेच कार्डवर उतरवणं) करत असाल तर फॅट (कार्डवरच्या फाइलींचा तक्ता) आणि डिरेक्टरीचंही लिखाण होतं, मग विचारूच नका.

कमाल २०० करा. त्याने मेमरी वाढत नाही, आत नुसता आकडा असतो. गिव्ह फेल झाला की एक वेगळा व्हेरिएबल वाढवा आणि तो डिबगरमध्ये बघत राहा. शून्याच्या वर गेला तर कार्डच कमी पडतंय.

सीवूड्स_दारावे
सेमाफोर हवाच कशाला? एकच टास्क ऐकतोय, तर टास्क नोटिफिकेशन, म्हणजे टास्कच्या आतलाच आकडा, वापरा. वेगळं ऑब्जेक्ट लागत नाही, वेगही जास्त. फक्त नोटिफायटेकचा पहिला पॅरामीटर पीडीफॉल्स द्या. पीडीट्रू दिलात तर एका टेकमध्ये सगळी मोजणी शून्य होते.

वागळे_इस्टेट
दोघांचंही अर्धवट आहे. यांना पाकिटाची वेळ लिहायचीय. सेमाफोर काय नि नोटिफिकेशन काय, ‘किती’ एवढंच सांगतात, ‘कधी’ नाही. टास्क कार्डवर अडकून सुटला की पुढच्या सात-आठ पाकिटांवर जवळपास एकच वेळ पडणार. आयएसआरमध्ये टिक काउंट (सिस्टीमच्या घड्याळाचा आकडा) घ्या आणि क्यूत (रांगेत) टाका. ६४ जागा, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे २५६ बाइट. एफ४०७ ला एवढं जड नाही.

सीवूड्स_दारावे
प्रश्न मोजणीचा होता.

वागळे_इस्टेट
‘वेळेसकट’ त्यांनीच लिहिलंय. वर बघा.

पेंग्विन_ऐरोली
लिनक्सवर सेम_पोस्ट (तिथला गिव्ह) सिग्नल हँडलरमधूनही बिनधास्त चालतो.

टिकटिक
लिनक्सचं कुणी विचारलं?

शेवटची_सेमिस्टर
अवांतर: म्युटेक्स आणि बायनरी सेमाफोरमध्ये फरक काय? कॅम्पस इंटरव्ह्यू आहे.

वागळे_इस्टेट
म्युटेक्सला मालक असतो, ज्याने घेतला त्यानेच सोडायचा. फ्रीआरटीओएसमध्ये त्याला प्रायॉरिटी इनहेरिटन्स (वरचा टास्क वाट बघत असेल तर मालकाला तात्पुरती त्याची प्रायॉरिटी) मिळतो, सेमाफोरला नाही. आयएसआरमध्ये म्युटेक्स वापरायचा नाही. पुढचं वेगळ्या धाग्यात.

टिकटिक
बोर्ड गप होण्याकडे कुणी वळलंच नाही. @रबाळे_लाईन, ईएक्सटीआय इंटरप्टची (पिनवर पल्स आला की उठणारा) प्रायॉरिटी किती? गिव्ह साधा की फ्रॉमआयएसआरवाला (आयएसआरमधून वापरायचा)? कॉन्फिगअसर्ट (चूक दिसली की बोर्ड तिथेच थांबवणारी तपासणी) चालू आहे का?

रबाळे_लाईन
फ्रॉमआयएसआर. प्रायॉरिटी दिलेली नाही. असर्टमुळे बोर्ड पहिल्याच पल्सला अडकत होता म्हणून काढून टाकला.

टिकटिक
तो तेच सांगत होता. रीसेटनंतर प्रायॉरिटी ० असते, आणि कॉर्टेक्स-एममध्ये ० सगळ्यात वरची. एसटीच्या (चिप बनवणारी कंपनी) नेहमीच्या कॉन्फिगमध्ये मॅक्स सिस्कॉल ५ असतो, म्हणजे त्याहून वरच्या इंटरप्टने कर्नलला (फ्रीआरटीओएसच्या गाभ्याला) हात लावायचा नाही. कर्नल आपल्या टास्कच्या याद्या बदलताना बेसप्रायने (इंटरप्ट अडवणारं रजिस्टर) ५ ते १५ अडवून धरतो. ० वाला अडत नाही. तो नेमका त्या क्षणी घुसून गिव्ह करतो आणि याद्या बिघडतात. ती गाठ कधी पडेल याचा नेम नाही, म्हणून तासांनी. प्रायॉरिटी ६ द्या, ग्रुपिंग ४ ठेवा म्हणजे चारही बिट प्रीएम्प्शनला (एका इंटरप्टने दुसऱ्याला मधेच थांबवणं) जातील. आयएसआरच्या शेवटी यील्ड-फ्रॉम-आयएसआर (जागा झालेला टास्क लगेच चालवणारी ओळ) आहे ना, तेही बघा. असर्ट परत लावा.

रबाळे_लाईन
सुरुवात ०, कमाल २००, प्रायॉरिटी ६ केली. ते ८ गेले, बोर्ड अजून चालू आहे. पण आता १००० पाकिटांना १००३ दिसतात.

कळवा_पूल
शील्ड!

टिकटिक
आता हो, नॉईज. आधी हरवलेल्या पल्समध्ये तो झाकला जात होता. दोन खऱ्या पाकिटांत २५ मिलिसेकंद असतात, तेव्हा मागच्यापासून १० मिलिसेकंदांच्या आत आलेला पल्स आयएसआरमध्येच सोडून द्या.

सीवूड्स_दारावे
किंवा टायमर २ एक्स्टर्नल क्लॉकवर टाका, म्हणजे पल्स थेट चिपचं हार्डवेअरच मोजेल; ३२ बिट मोजतो आणि इनपुट फिल्टरही आहे.

टिकटिक
८४ मेगाहर्ट्झवर तो फिल्टर ताणून ताणून १२ मायक्रोसेकंद. बारीक स्पाइक मरतील, लांब उसळी नाही. आणि ‘कधी’चं काय?

रबाळे_लाईन
शील्ड कुठल्या टोकाला अर्थ करायचं?

कळवा_पूल
पॅनेलच्या. सेन्सरकडचं टोक कापून स्लीव्ह चढवा.