सेमिनार: मायटोकॉन्ड्रियातली (पेशीची ऊर्जा बनवणाऱ्या भागातली) प्रथिनं आणि पेशीमृत्यू. सुरुवात कुठून करू?

पेशीवेडी: एमएस्सीचं दुसरं वर्ष, गुरुवारी सेमिनार, वीस मिनिटं. मॅडम म्हणाल्या, फळ्यावर चित्र काढून समजाव. माझ्या जुन्या पुस्तकात व्हीडीएसी, एएनटी आणि सायक्लोफिलिन डी ही तीन प्रथिनं मिळून मायटोकॉन्ड्रियात एक छिद्र तयार होतं आणि ते उघडलं की पेशी मरते, असं दाखवलंय. तेच काढू का? वाचन होतं ते कल्याण-सीएसएमटी प्रवासात, तेही बसायला मिळालं तर. त्यामुळे मोजकंच सुचवा.

उंदीरवाला: ते चित्र काढलंस तर प्रश्नांना तोंड देताना नाकी नऊ येतील. 2004 मध्ये उंदरांच्या यकृतातून एएनटीचे दोन प्रकार काढले, तरी छिद्र उघडलं. फक्त ते उघडायला कॅल्शियम जास्त लागलं. 2007 मध्ये व्हीडीएसीचे तिन्ही प्रकार नसलेल्या पेशीही मेल्याच. टिकलं ते सायक्लोफिलिन डी. 2005 च्या प्रयोगांत ते नसलेल्या उंदरांच्या पेशी कॅल्शियमच्या भाराला पुरून उरल्या, पण अपोप्टोसिस (पेशीने स्वतःच ठरवून मरणं) नेहमीसारखाच झाला. म्हणजे छिद्राचा संबंध मुख्यतः नेक्रोसिसशी (इजेने पेशी मरण्याशी). हे तीन पेपर सालवार वाच, बाकी नंतर.

रिटायर्ड_मास्तर: अगं, मग अपोप्टोसिस कसा होतो तेही सांग, नाहीतर अर्धंच राहील. जुन्या वाड्याच्या दरवाजात दिंडी असते ना, माणूस वाकून जाईल एवढी? बाहेरच्या आवरणातलं व्हीडीएसी म्हणजे ती दिंडी. एटीपी, एडीपी हे ऊर्जेचे छोटे रेणू आरामात जातात. पण सायटोक्रोम सी हे प्रथिन 12 हजार डाल्टनचं (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं एकक), ते तिथून मावत नाही. त्यासाठी बॅक्स आणि बॅक ही प्रथिनं भिंतीलाच भगदाड पाडतात. बाहेर आलेलं सायटोक्रोम सी कॅस्पेज (पेशीची मोडतोड करणारी विकरं) जागे करतं, हे 1996 मध्ये कळलं. एरवी श्वसनसाखळीत इलेक्ट्रॉन वाहणारं साधं कामकरी प्रथिन! बीसीएल-2 हे प्रथिन बॅक्स-बॅकला आवरून धरतं. या बीसीएल-2ला अडवणारं व्हेनेटोक्लॅक्स हे औषध 2016 पासून रक्ताच्या कर्करोगावर वापरात आहे. शेवटची दोन मिनिटं त्याला दे.

पेशीवेडी: दिंडी चोरली, सर! म्हणजे एएनटीला चित्रातून काढूनच टाकू?

उंदीरवाला: थांब. 2019 मध्ये त्या दोघांबरोबर एएनटीचा तिसरा प्रकार आणि सोबत सायक्लोफिलिन डीही उंदरांतून काढलं, तेव्हा छिद्र उघडेना. 2004 वाल्यांनी तो तिसरा धरलाच नव्हता. एएनटी चित्रात ठेव, पण तुटक रेषेने. छिद्र नेमकं कशाचं, यावर अजून भांडणं चालू आहेत.

पेशीवेडी: तुटक रेषा. बरं. आणि रंगीत खडू दादरला कुठे चांगले मिळतील?