मदत हवी आहे : बॅटरी पूर्ण भरलेली असूनही इन्व्हर्टर बंद पडतो

फिरता मुक्काम
कॅम्परव्हॅनमधील विजेची जोडणी मी स्वतःच केली असून गेले चार दिवस एकाच अडचणीपाशी अडकलो आहे. इंडक्शन शेगडी मंद आचेवर व्यवस्थित चालते, मात्र ती पूर्ण क्षमतेवर नेली की अर्ध्या मिनिटात इन्व्हर्टर शिट्टी वाजवून बंद पडतो. बॅटरी पूर्ण भरलेली आहे, इन्व्हर्टर २००० वॅटचा आहे आणि शेगडी १८०० वॅटची आहे. म्हणजे हिशेब चुकलेला नाही. इन्व्हर्टर सदोष समजून बदलून घ्यावा की थेट ३००० वॅटचा घ्यावा, एवढेच कृपया सांगावे. पुढील आठवड्यात निघायचे आहे.

तांब्याची तार
आपण दिलेल्या माहितीवरून दोन्हींपैकी काहीही सांगता येणार नाही. बॅटरी कोणत्या प्रकारची आहे आणि किती आहेत? बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतची केबल किती जाड आणि किती लांब आहे? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, इन्व्हर्टर बंद पडतो त्या क्षणी गाडीतील १२ व्होल्टचे दिवे चालू राहतात की तेही विझतात?

जुना शिसेवाला
इंडक्शन म्हणजे बॅटरी लिथियमचीच असणार, आणि या सगळ्या लिथियमच्या हौशी आहेत. माझ्या गाडीत गेली अनेक वर्षे शिसे-आम्ल बॅटऱ्या आहेत आणि त्यांच्यात ऐन वेळी सगळी वीज तोडून टाकणारे बीएमएस (लिथियम बॅटरीच्या आतले, तिचे रक्षण करणारे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण) नावाचे प्रकरण नसते. शिवाय पारा शून्य अंशाखाली गेला की लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी चार्ज करता येत नाही, केल्यास ती कायमची खराब होते, हे विक्रेते ठळकपणे सांगत नाहीत. जड बॅटरी परवडली, पण भरवशाची असावी.

तांब्याची तार
थंडीचा मुद्दा योग्य आहे, पण येथे लागू नाही, कारण प्रश्न बॅटरी चार्ज करण्याचा नसून तिच्यातून वीज घेण्याचा आहे. दीडशेहून अधिक अँपिअर खेचल्यावर शिसे-आम्ल बॅटरीचे व्होल्टेज लिथियमपेक्षा अधिक कोसळते आणि तिची निम्मीच क्षमता वापरणे हिताचे असते. आपल्या गाडीत इंडक्शन आहे का?

जुना शिसेवाला
नाही. गॅसची शेगडी आहे आणि तिला इन्व्हर्टर लागत नाही.

छपरावरचे ऊन
सोलर पॅनेल सपाट बसवले असतील तर त्यांच्याखाली दोन-तीन बोटे मोकळी जागा सोडावी, कारण पॅनेल तापले की त्यांची निर्मिती घटते. एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी चार्ज करणारे उपकरण) असेल तर पॅनेल एकसर (एकापुढे एक) जोडण्यापूर्वी थंडीत वाढणारे व्होल्टेज कंट्रोलरच्या मर्यादेत बसते ना, हेही तपासावे.

फिरता मुक्काम
पॅनेलबद्दल मी काहीही विचारलेले नाही. आता विचारलेल्या गोष्टी : लिथियम आयर्न फॉस्फेटच्या दोन बॅटऱ्या, प्रत्येकी १०० अँपिअर-तास, समांतर जोडलेल्या आहेत आणि प्रत्येकीचा बीएमएस १०० अँपिअरचा आहे. त्या पुढच्या आसनाखाली आहेत. शेगडीची वायर आखूड राहावी म्हणून इन्व्हर्टर मागे ओट्याखाली बसवला आहे. केबल १६ चौरस मिलिमीटरची, जाताना चार मीटर आणि परत येताना चार मीटर. दिवे विझत नाहीत. इन्व्हर्टरच्या पुस्तिकेप्रमाणे तो १०.५ व्होल्टला बंद होतो, पण बॅटरीवर तर १३ व्होल्ट दिसतात!

तांब्याची तार
दिवे चालू राहतात, म्हणजे बीएमएस वीज तोडत नाही. इन्व्हर्टर कमी व्होल्टेजमुळे स्वतःहून बंद होतो आणि ते त्याचे कामच आहे. त्यामुळे तो बदलून काहीही साधणार नाही आणि ३००० वॅटचा आणल्यास तोही याच केबलवर असाच शिट्टी वाजवील. १८०० वॅटसाठी, इन्व्हर्टरमधील घट धरून, बॅटरीकडून सुमारे २००० वॅट घ्यावे लागतात. १६ चौरस मिलिमीटरच्या आठ मीटर तांब्याचा रोध जवळपास ०.००९ ओहम भरतो. दिसायला क्षुल्लक, पण १७५ अँपिअर वाहू लागले की तेवढ्यात दीड व्होल्ट जातो. त्यात व्होल्टेज घसरले की तेवढीच शक्ती मिळवण्यासाठी इन्व्हर्टर आणखी प्रवाह खेचतो आणि घट आणखी वाढते. शेगडी चालू असताना बॅटरीच्या टोकांवर आणि इन्व्हर्टरच्या टोकांवर, दोन्हीकडे व्होल्टेज मोजा. आणि फ्यूज कोठे व किती अँपिअरचा आहे, हे आपण लिहिलेले नाही.

दुप्पट व्होल्टेज
मुळात १२ व्होल्टवर इतका भार घेणेच चुकीचे आहे. दोन्ही बॅटऱ्या एकसर जोडून २४ व्होल्ट करा, प्रवाह निम्मा होईल.

तांब्याची तार
त्यासाठी इन्व्हर्टर बदलावा लागेल, दिवे, पंप आणि फ्रिजसाठी २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लागेल आणि या बॅटऱ्या एकसर जोडणीसाठी बनवलेल्या आहेत की नाहीत हेही पाहावे लागेल. नवी गाडी बांधताना ही सूचना मी स्वतः मान्य करीन, पण ज्यांना आठवड्याभरात निघायचे आहे त्यांना ती देण्यात अर्थ नाही.

फिरता मुक्काम
मोजले. शेगडी चालू असताना बॅटरीवर १२.९ आणि इन्व्हर्टरवर १०.६ व्होल्ट, तेही बंद पडण्याच्या क्षणभर आधी. धन बाजूचा एक लग (केबलच्या टोकाला दाबून बसवलेले, बोल्टसाठी छिद्र असलेले धातूचे टोक) हात लावता येणार नाही इतका तापला होता. फ्यूज बसवलेला नाही. इन्व्हर्टरच्या आत फ्यूज असतो असे मी समजत होतो.

तांब्याची तार
कृपया दुरुस्ती होईपर्यंत ती शेगडी लावू नका. फ्यूज उपकरणासाठी नसतो, तो केबलसाठी असतो. आपली चार मीटर केबल कोठे घासली गेली आणि गाडीच्या पत्र्याला टेकली, तर इन्व्हर्टरमधला फ्यूज काहीही करू शकणार नाही, कारण तो केबलच्या दुसऱ्या टोकाला आहे.

आपल्या आकड्यांत केबलच्या वाट्याला साधारण १.६५ व्होल्ट जातात. उरलेले ०.६५ व्होल्टाच्या आसपास सांध्यांत जात आहेत. १९० अँपिअरला तेवढी घट म्हणजे सव्वाशे वॅटच्या आसपासची उष्णता, आणि तीही बहुतांशी त्या एका लगमध्ये. तो पकडीने किंवा हातोडीने दाबला असावा अशी मला शंका आहे.

इन्व्हर्टर बॅटरीजवळ आणा. शेगडीची वायर आखूड ठेवण्याचा आपला विचार नेमका उलटा झाला आहे, कारण २३० व्होल्टवर १८०० वॅट म्हणजे आठ अँपिअरदेखील नाहीत आणि ते चार मीटर नेण्यास २.५ चौरस मिलिमीटरची वायर पुरते. केबल ७० चौरस मिलिमीटरची, एका बाजूने एक मीटर ठेवल्यास घट ०.१ व्होल्टच्या आत येईल. लग हायड्रॉलिक क्रिंपरने, म्हणजे लग दाबण्याच्या यंत्राने, दाबून घ्या. बॅटरीच्या धन टोकाला शक्य तितका लागून २५० अँपिअरचा क्लास टी (शॉर्टचा प्रचंड प्रवाहही तोडू शकणारा) फ्यूज बसवा. लिथियम बॅटरी शॉर्ट झाल्यास हजारो अँपिअर देऊ शकते आणि साधा फ्यूज वितळूनही आत ठिणगी चालू राहू शकते.

निवांत प्रवासी
एक भर घालतो. केबलची दोन्ही टोके एकाच बॅटरीवरून घेतली असतील तर ती बॅटरी जास्त प्रवाह देईल, तिचा १०० अँपिअरचा बीएमएस आधी वीज तोडेल आणि मग सगळा भार दुसरीवर येऊन तीही बंद होईल. धन एका बॅटरीवरून आणि ऋण दुसरीवरून घ्यावे.

जुना शिसेवाला
एवढा खटाटोप एका भाजीसाठी! आणि पाऊण तास शेगडी पूर्ण क्षमतेवर चालली तर निम्म्याहून अधिक बॅटरी रिकामी होईल, हे कोणी सांगितले का?

तांब्याची तार
हे मात्र खरे आहे. २५६० वॅट-तासांतले १५०० जातील. पण गॅसने बंद गाडीत ओलावा आणि कार्बन मोनॉक्साइड होतो, हेही सांगावे.

फिरता मुक्काम
होय, दोन्ही टोके एकाच बॅटरीवरूनच घेतली होती. ओट्याखालून इन्व्हर्टर काढला आहे. आसनामागे त्याला बाजूंनी हवा मिळेल एवढी जागा निघते. केबल आणि फ्यूज परवा हाती येतील. लग दाबून देणारा सापडला आहे, पण ७० च्या लगचे छिद्र ८ मिलिमीटरच्या बोल्टसाठी घ्यायचे की १० च्या?

तांब्याची तार
बॅटरी, फ्यूजधारक आणि इन्व्हर्टर, तिन्हींचे बोल्ट मोजून मगच सांगा. ते वेगवेगळे असण्याची शक्यता बरीच आहे.