बॅगा मडगार्डवर नको, फ्रेमवर घ्या
चॉपर केलेल्या, म्हणजे मूळ भाग काढून-बदलून घेतलेल्या मोटरसायकलच्या मागच्या मडगार्डलाच भोकं पाडून सामानाच्या हार्ड बॅगा लावायचा तुमचा विचार चाललाय, तो कृपया सोडा. हार्ले सॉफ्टेल मोटरसायकलच्या मूळ मडगार्डला दोन्ही बाजूंनी जाड स्ट्रट (आधाराच्या पट्ट्या) असतात, वजन ते पेलतात. चॉपर करताना मागची बाजू साफ दिसावी म्हणून ते बऱ्याचदा काढलेले असतात. उरतो नुसता पत्रा, आणि भरलेली बॅग त्यावर थरथरत राहिली की बोल्टच्या भोकापासूनच तडा जातो.

मडगार्ड स्विंगआर्मवर (मागचं चाक धरून वरखाली हलणाऱ्या दांड्यावर) बसवलेलं असेल तर आणखी वाईट: बॅग चाकाबरोबर प्रत्येक खड्ड्यात आपटणार. ब्रॅकेट फ्रेमवरच वेल्ड करून घ्या, वेल्डिंगआधी बॅटरी सोडवा. बॅग काढता यायची असेल तर डॉकिंग पिना (बॅग ज्यांवर अडकते त्या खुंट्या) रबरी बुशमध्ये, म्हणजे रबराच्या नळीसारख्या अस्तरात, बसू द्या. लोखंडावर थेट लोखंड आलं की खडखड सुरू होते आणि भोकं मोठी होत जातात.

ब्रॅकेटसाठी बॅगांना भोकं पाडण्याआधी त्या दोरीने तात्पुरत्या बांधा, मागे कुणालातरी बसवा आणि सस्पेन्शन पूर्ण दाबून बघा. सायलेन्सरपासूनचं अंतर तेव्हाच कळतं. फायबरची बॅग उष्णतेने खराब होते. इंडिकेटर झाकले जात असतील तर ते मागे नंबरप्लेटजवळ हलवा.