बॅबिंग्टन कटाच्या कादंबरीत काल्पनिक खून हवाच कशाला?

मृण्मयी_वाचते: इंग्लंडच्या ट्यूडर राजघराण्याच्या दरबारातल्या हेरकथांचा साचा आता पाठ झालाय. व्हाइटहॉल राजवाड्यात प्रेत सापडणार, राणी एलिझाबेथचा हेरप्रमुख सर फ्रान्सिस वॉल्सिंगहॅम एका तरुणाला कामाला लावणार आणि तो तरुण विचारांनी थेट आजचा! अहो, एलिझाबेथला मारून स्कॉटलंडच्या मेरीला गादीवर बसवायच्या १५८६च्या बॅबिंग्टन कटात मसाला कमी आहे का? ही पदच्युत राणी इंग्लंडमध्ये, चार्टलीच्या वाड्यात नजरकैदेत. तिची पत्रं बिअरच्या पिंपातून लपूनछपून ये-जा करतात. तिला वाटतं वाट आपल्या माणसांची. ती तर वॉल्सिंगहॅमनेच गिल्बर्ट गिफर्ड या दुहेरी हेराला हाताशी धरून तयार केलेली. त्याची माणसं तयार: आर्थर ग्रेगरी पत्रावरची मोहोर काढून पुन्हा बेमालूम बसवतो, टॉमस फेलिप्स सांकेतिक लिपी फोडतो. बर्टनचा बिअरवाला दोन्हीकडून पैसे खातो, वर बिअरचा भाव वाढवून मागतो! असं पात्र आयतं असताना प्रेत कशाला हवं?

खडूस_काका: कारण शेवट सगळ्यांना ठाऊक आहे. ८ फेब्रुवारी १५८७, फॉदरिंगेचा किल्ला, मेरीचा शिरच्छेद. मग रहस्यकथा म्हणून वाचायचं काय? नुसता इतिहास हवा असेल तर चरित्र वाचा की.

मृण्मयी_वाचते: काका, ताजा कलम विसरलात! मेरीने १७ जुलैला कटाचा म्होरक्या बॅबिंग्टनला उत्तर पाठवलं. त्याला फेलिप्सने तिच्याच लिपीत ता. क. जोडला: एलिझाबेथला मारायला निघालेल्या त्या सहा जणांची नावं कळवा. हे कुणाच्या सांगण्यावरून? आणि खटल्यात हा ता. क. पुढे आणलाच नाही, तो का? माझ्या मते गुंता इथे आहे.

रोखठोक: मेरीचा फार कळवळा नको. ता. क. बनावट, पण पत्र तिचंच. तिने मजकूर सांगितला, तिच्या चिटणिसांपैकी नाऊने फ्रेंचमध्ये उतरवला, कर्लने इंग्रजी करून लिपीत घातला. त्यात सहा जणांनी कामाला कधी लागायचं हेही आहे. वॉल्सिंगहॅम उगाच भेदरट नव्हता. १५७२च्या प्रोटेस्टंटांच्या कत्तलीत तो पॅरिसमध्ये राजदूत होता. १५८४मध्ये डचांचा प्रोटेस्टंट पुढारी विल्यम ऑफ ऑरेंज याला डेल्फ्टमध्ये घरात घुसून गोळी घातली. असा माणूस पत्रं फोडणार नाही तर काय करणार?

टवाळ_पोर: पत्रं फोडणं वेगळं, पत्रात भर घालणं वेगळं. १८ वर्षं डांबून ठेवलेल्या बाईसमोर सुटकेचं आमिष टाकायचं आणि तिने तोंड घातलं की ‘बघा, कटवाली!’ म्हणायचं. वा रे न्याय!

रोखठोक: आमिष कबूल. पण हो म्हणायची सक्ती कुणी केली होती? बॅबिंग्टनने खुनाचा बेत कळवला, तेव्हा गप्प बसता आलं असतं.

टवाळ_पोर: गप्प बसली असती तर दुसरं पिंप आलं असतं.

शाईदौत: भांडण राहू द्या, कादंबरीचं बोला. निवेदक फेलिप्सच हवा. मेरीने त्याला चार्टलीत पाहून वर्णन लिहून ठेवलंय: बुटका, किडकिडीत, पिवळसर केसांचा, तोंडावर देवीचे वण, नजर अधू. तो तिची पत्रं वाचतोय, हे मात्र तिला माहीत नाही. १७ जुलैचं पत्र उलगडल्यावर प्रतीवर त्याने फाशीचा खांब काढला म्हणतात. दोघं एकाच आवारात! या प्रसंगावर अख्खं प्रकरण होईल.

खडूस_काका: होईल. पण कागदावर फाशी रंगवणाऱ्या कारकुनाला नायक करून तीनशे पानं वाचायला लावायची, तर लेखकही तेवढ्या ताकदीचा लागेल. म्हणून बिचारे प्रेत शोधतात.