विषय: शहापूरच्या घरासाठी क्रॉस ट्रेनर, बजेट ४०,०००

नमस्कार मंडळी,

बेळगावात शहापूरला बाबांसाठी क्रॉस ट्रेनर (उभ्यानं पेडल मारायचं व्यायामाचं यंत्र) घ्यायचाय. गुडघे कुरकुरतात, पण हाडाच्या डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलंय. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावरचं त्यांचं फिरणं पाऊस लागला की बंद पडतं आणि आपल्याकडचा पाऊस काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. बजेट ४०,०००, फार तर ५०,०००. ऑनलाइन बघितलं तर १५,००० चं यंत्र आणि ४५,००० चं यंत्र फोटोत सारखीच दिसतात. आई म्हणते, "एवढ्यात जिमची कितीतरी वर्षांची फी होईल की!" घर जुनं, माळ्याचं. काय बघून घ्यावं?

---

अरे, किमतीचं नंतर बघू. आधी छत मोज.

ह्याच्यावर माणूस जमिनीवर उभा नसतो. पेडल वर येतं तेव्हा सव्वा-दीड फूट उंच असतं. बाबा ५ फूट ८ इंच धर, डोक्यावर अर्धा फूट मोकळा सोड, झाले पावणेआठ फूट. शहापुरातल्या जुन्या घरांत माळ्याखाली एवढी उंची कुठली? तुळई कपाळावर बसेल. आणि पडवीत ठेवू म्हणशील तर तेही नको, पावसाचे तुषार येतात, नट-बोल्ट गंजतात.

आता पैसे. स्वस्त यंत्रात पहिली काटछाट होते ती स्ट्राइडमध्ये, म्हणजे पाय पुढे-मागे किती जातो त्यात. १२-१४ इंचांच्या यंत्रावर चालल्यासारखं वाटतच नाही, जागच्या जागी जिना चढल्यासारखं वाटतं, आणि गुडघ्याला नको असतं ते नेमकं तेच. बाबांच्या उंचीला १८ ते २० इंच पाहिजे. जाहिरातीत हा आकडा बहुधा लिहिलेलाच नसतो, विचारून घे. मग यंत्राचं स्वतःचं वजन बघ. हलकं यंत्र जोर लावला की डुलतं, आणि डुलणाऱ्या यंत्रावर म्हातारा माणूस दुसऱ्यांदा चढत नाही.

रेझिस्टन्स, म्हणजे पेडलला होणारा अडथळा, मॅग्नेटिक घे. त्यात चुंबक फ्लायव्हीलच्या, म्हणजे आतल्या जड चाकाच्या, जवळ येतो पण टेकत नाही, त्यामुळे झीज नाही, आवाज कमी. पट्टा घासणारं नको. पडदा, ब्लूटूथ, २४ प्रोग्रॅम ह्यावर एक रुपया घालू नकोस. मीटर सेलवर चालणारा असला तर उत्तमच, लाईट गेली तरी काम थांबत नाही.

शेवटचं, कुरकुर सुरू झाली की बघायला कोण येणार ते लेखी घे. माणूस हुबळीहून किंवा कोल्हापूरहून येणार असेल तर शंभरेक किलोमीटरचा हिशेब आला.

– काका, टिळकवाडी (बेळगावला परत आलो तरी आपली ही मेलिंग लिस्ट सोडलेली नाही)

---

काकांशी थोडा वाद. ५०,००० आहेत तर बंद होणाऱ्या जिमचं जुनं मोठं यंत्र बघा की. मजबुतीला तोड नाही. मी खानापूरच्या घरी तेच ठेवलंय.

---

खानापूरचं घर ऐसपैस आहे तुमचं! ती यंत्रं शंभर किलोच्या वर जातात. शहापूरच्या गल्लीतून आत कोण नेणार, आणि उंबरा कसा ओलांडणार? शिवाय जुन्याचं बेअरिंग गेलेलं असलं तर वॉरंटी कुणाची?

– काका

---

मी फिजिओथेरपीत आहे म्हणून दोन गोष्टी. चढताना खाली असलेल्या पेडलवर आधी पाय ठेवायचा आणि हलत्या नाही, मधल्या स्थिर दांड्याला धरायचं. तो दांडा नसेल ते यंत्र बाबांसाठी घेऊच नका. सुरुवात पाच-पाच मिनिटांनी, कमी रेझिस्टन्सवर. आठवड्याला १५० मिनिटं हे जागतिक आरोग्य संघटनेचं माप खरं, पण तिथं हळूहळू पोचायचं. दांड्यावर नाडी मोजणारे पत्रे असतात, त्यांच्यावर विसंबू नका. पाऊस उघडला की चालणं पुन्हा सुरू करा, हाडांना जमिनीवरच्या चालण्याचा भार लागतो, तो इथं कमी मिळतो.

---

सगळ्यांचे आभार. आईनं मोजलं, माळ्याखाली ६ फूट १० इंच. मागच्या स्लॅबच्या खोलीत साडेनऊ आहे, तिथला धान्याचा पिंप हलवायला ती तयार झाली. शहरातल्या एका दुकानात १८ इंच स्ट्राइडचं, मधल्या दांड्याचं ४३,००० ला सांगतायत. काका, बाबांबरोबर जाऊन याल का?

---

जातो की. सोमवारी संध्याकाळी. बाबांना बूट घालून यायला सांग, चपलांवर चढून काही कळत नाही. दहा मिनिटं चालवल्याशिवाय पैसे देणार नाही म्हणावं.

– काका