अनुभव धागा: हात वर गेले, कामाला किती आले?

मंडळी, गेल्या रविवारी आमच्या मंडळाची बैठक होती. गणपती पाच दिवसांचा बसवायचा की दहा दिवसांचा, यावर अर्धा तास बोलाचाली झाली आणि अध्यक्ष म्हणाले, "चला, हात वर करा." २१ विरुद्ध १२. दहा दिवस ठरले, टाळ्या वाजल्या. मग कामांची वही उघडली. सकाळच्या आरतीला कोण, नैवेद्य कोणाकडे, रात्री मांडवात झोपायला कोण? त्या २१ जणांतून ४ नावं आली. आणि १२ पैकी ९ जण तोवर चपला घालून जिना उतरले होते. दर वर्षी आमची वही भरते ती याच नऊजणांच्या नावांनी.

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही. एकमेकांच्या सूचनांवर मतं घेतली की एकत्र काम खरंच सुधारतं का? हात वर करणं असो, चिठ्ठी असो की मोबाईलवरचा अंगठा. बडोदेकरांनी तर लिहाच, बाहेरच्यांचंही स्वागत. स्वतः पाहिलेलं, भोगलेलं लिहा. संस्थेचं नाव मात्र नको.

कारेलीबागेतून

ताई, आमची सोसायटी चार मजल्यांची, २४ घरं. टाकी गच्चीवर, त्यामुळे तिच्या अगदी खाली राहणाऱ्या चौथ्या मजल्याला पाण्याचा जोरच मिळत नाही. प्रेशर पंप बसवा आणि खर्च सगळ्यांत वाटा, अशी त्यांची मागणी. मतं घेतली. १८ विरुद्ध ६. उघडच आहे, ज्यांच्या नळाला पाणी येतं ती घरं अठरा!

वर्षभर चौथ्या मजल्यानं दिवाळीच्या फराळालाही खाली यायचं सोडलं. शेवटी सेक्रेटरीबाईंनी एका सकाळी कमिटीच्या सगळ्यांना वर नेलं आणि एका काकांच्या न्हाणीघरात नळाखाली रिकामी बादली ठेवली. कोणी काही बोलायचं नाही, एवढीच अट. पाण्याची धार पेन्सिलीएवढी. बादली भरायला ११ मिनिटं लागली. आम्ही सातजण ती ११ मिनिटं त्या दारात उभे होतो. पंप पुढच्या महिन्यात बसला, खर्च सगळ्यांनी वाटून घेतला, आणि त्या वेळी मत घ्यायची वेळच आली नाही. मी त्या अठरांतला एक होतो, हे सांगायलाच हवं.

दांडिया बाजारातून

वरचा अनुभव खरा आहे, पण मताला एकदम मोडीत काढू नका, अशी माझी विनंती. आपण बडोद्याचे आहोत. सहकारी पतसंस्थांचा कायदा देशात १९०४ साली आला. त्याच्या पंधरा वर्षं आधी, १८८९ मध्ये, विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकरांच्या मार्गदर्शनाखाली इथे अन्योन्य सहकारी मंडळी उभी राहिली होती. देशातल्या पहिल्या सहकारी प्रयत्नांत ती मोजतात. आणि सहकाराचं मूळ सूत्र, इंग्लंडमध्ये रॉचडेलच्या कामगारांनी १८४४ मध्ये घालून दिलेल्या घडीतून आलेलं, ते हेच: शेअर कितीही असोत, माणशी एकच मत.

मी एका छोट्या पतपेढीत १४ वर्षं संचालक होतो. आमच्यात एक मोठे कापडव्यापारी आणि एक गिरणीतून निवृत्त झालेले फिटर. व्याजदर वाढवायचा ठराव होता. एरवी या व्यापाऱ्यांनी त्या फिटरकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. पण एक मत कमी पडत होतं. तेव्हा ते स्वतः वाडीतल्या त्यांच्या घरी गेले, ओटल्यावर बसले, चहा घेतला. तिथे त्यांना कळलं की लहान कर्जदार हप्ता का चुकवतात. ठराव बदलून आला आणि एकमतानं पास झाला. मताला किंमत होती म्हणून ते त्या ओटल्यापर्यंत गेले.

फतेगंजहून

मी मानसशास्त्र शिकवायची. दर वर्षी वर्गात सॉलोमन ॲश यांचा प्रयोग सांगायची, १९५१ चा. एक रेघ दाखवायची आणि शेजारच्या तीन रेघांपैकी तेवढीच कोणती ते विचारायचं. उत्तर लहान मूलही देईल असं. पण खोलीतली बाकीची माणसं आधीच ठरवून मोठ्यानं चुकीचं उत्तर देत. खऱ्या परीक्षार्थ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जण निदान एकदा तरी त्यांच्यामागे गेले. मात्र एकानं जरी बरोबर उत्तर दिलं, किंवा उत्तर कागदावर गुपचूप लिहायला सांगितलं, की हे वाहत जाणं पुष्कळ कमी व्हायचं.

आमच्या स्नेहसंमेलनाचं नाटक एकदा हात वर करून निवडलं. ५२ पैकी ४० हात एका विनोदी नाटकाला. मला मुलींचे चेहरे पटेनात. तासाभरानं त्याच मुलींना चिठ्ठ्या दिल्या. २३! हात वर करताना प्रत्येकीनं आधी शेजारणीकडे पाहिलं होतं, ते मी पाहिलं होतं. ताई, तुमच्या मंडळात पुढच्या वेळी चिठ्ठ्या घ्या. दहा दिवसांचे २१ राहतात का ते बघा.

गोत्रीहून

आमचा एकांकिकांचा ग्रुप आहे, व्हॉट्सॲपवर सूचना टाकायच्या आणि अंगठे मोजायचे. एका नव्या मुलीनं रात्री पावणेबाराला लिहिलं की शेवटचा प्रवेश अंधारात करू या. एकही अंगठा नाही. दोन दिवसांनी तेच आमच्या दिग्दर्शकांनी लिहिलं, सकाळी. दहा मिनिटांत १४. ती मुलगी त्यानंतर ग्रुपवर काही लिहीत नाही, फक्त अंगठे देते. मला ते फार लागलं.

'सायन्स' या नियतकालिकात २०१३ मध्ये यावर एक अभ्यास आला होता. नव्या मजकुराला सुरुवातीलाच एक खोटं चांगलं मत देऊन पाहिलं, तर त्याची शेवटची गुणसंख्या सरासरी २५ टक्क्यांनी वाढली. खोटं वाईट मत दिलं, तर इतरांनी ते भरून काढलं. म्हणजे पहिला अंगठा कोणाचा, यावर बरंच काही ठरतं. आता आम्ही सूचना नाव न घालता एका वहीत लिहितो.

मांजलपूरहून

आमच्या भजनी मंडळात मत कधीच घेत नाही. जिला जे येतं ते ती गाते. बावीस वर्षं झाली.

वाडीतून

मी हरणाऱ्यांतला, म्हणून लिहितो. विसर्जनाला डीजे की लेझीम, यावर आम्ही ९ विरुद्ध ३० नं हरलो. घरी आलो तो वर्गणीची पावती फाडायच्याच तयारीनं. रात्री अध्यक्षांचा फोन: "भाऊ, ठराव झाला तो झाला. पण तुला भीती कसली वाटते ते लिहून दे." मी लिहिलं. गल्लीच्या तोंडाला प्रसूतिगृह आहे. माझी मुलगी तिथेच जन्मली, त्या रात्री बाहेर असाच धांगडधिंगा होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. डीजे राहिला, पण त्या गल्लीत बंद. आणि गणपती नवलखीच्या तलावापर्यंत नेण्याची जबाबदारी मी घेतली.

धागा काढणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. वाडीच्या भाऊंचं वाचून काल संध्याकाळी त्या नऊजणांपैकी एका काकूंकडे गेले. पाच दिवसच का हवे होते, असं सरळ विचारलं. म्हणाल्या, "अगं, नैवेद्याचा स्वयंपाक गेली आठ वर्षं माझ्याचकडे आहे. गुडघे दुखतात आता. पाच दिवस कसेबसे निभतात." बैठकीत हे कोणी विचारलंच नव्हतं, मीही नाही. आज नैवेद्याची यादी घरोघरी फिरवली आहे. आठ दिवसांना नावं आली, दोन दिवस अजून रिकामे आहेत.